फोडणी कुणासाठी बंद होती?

चुलतबहिणीचं लग्न ठरलंय, डिसेंबरात. परवा फोनवर हॉल, दागिने, केटरर असं सगळं बोलून झाल्यावर मी तिला विचारलं, "तुला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का गं?" ती हसली. "ताई, हे काय मध्येच? थांब, आईला विचारते." मी म्हटलं, आईला विचारू नकोस, मी तुला सगळं लिहून पाठवते. लिहायला बसले आणि ते इतकं वाढलं की आता इथेच टाकतेय. तिच्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर पडो.

2019 सालची गोष्ट. तेव्हा मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत होते. चार वर्ग मिळून 19 मुलं आणि आम्ही दोघी शिक्षिका. मला अकरावा आठवडा चालू होता. तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही हे आमच्याकडे ठरलेलंच, त्यामुळे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी, 4 मार्चला, महाशिवरात्रीची सुट्टी होती. मंगळवारी दुसरीतला एक मुलगा टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाई, खाज येता." मी त्याची कॉलर बाजूला केली. मानेवर लाल ठिपके होते, आणि त्यातल्या काहींच्या टोकावर पाण्याचा थेंब. अळूच्या पानावर थांबतो ना, तसा.

त्याच्या आईला घामोळं वाटलं होतं. रविवारी उठलेलं. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं, मार्चच्या उकाड्यात कुणालाही तसंच वाटलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर शुक्रवार आला. हातच्याच्या बेरजा जमत नव्हत्या म्हणून तो अख्खा दिवस माझ्या खुर्चीला रेलून उभा होता, आणि मी त्याचा हात धरून अंक गिरवून घेत होते. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच सुरू होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो मुलगा आता उंच झालाय, बाजारात भेटला की ओळख देतो. पुढचं सगळं त्याच्यापासून सुरू झालं हे त्याला मी कधीच कळू देणार नाही.

त्याच संध्याकाळी मी जवळच्या एका दवाखान्यात गेले. नाव घेत नाही. तिथे एक कागद लिहून दिला गेला, 'टॉर्च प्रोफाइल', म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं, गुरुवारी रिपोर्ट आला. आठ ओळी, त्यातल्या दोन ठळक अक्षरांत: रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, सीएमव्ही (हाही एक विषाणूच) आयजीजी पॉझिटिव्ह. समोरच्या माणसाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाळाला धोका असू शकतो. ठेवायचं की नाही ते घरी बोलून घ्या."

साखळी गावात परत येईपर्यंत मी आणि नवरा दोघंही गाडीत एक शब्द बोललो नाही. त्या रात्रीबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही.

शुक्रवारी नवऱ्याने हट्टाने म्हापशाच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं की बाकीच्या गरोदर बायका बसतात त्या खोलीत थांबू नका, मागच्या दाराने या. त्यांनी रिपोर्ट एकदा वाचला, उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "यात कांजिण्यांची तपासणीच नाही."

चार दिवस गेले होते, आणि जे शोधायचं ते शोधलंच नव्हतं.

मग त्यांनी मला ते दोन ठळक शब्द समजावले. आयजीजी म्हणजे तो विषाणू पूर्वी कधीतरी येऊन गेला, किंवा लस झाली, आणि शरीराने त्याची ओळख जपून ठेवली. रुबेलाचं आयजीजी असणं ही गरोदर बाईसाठी चांगली बातमी आहे. सीएमव्हीचं तर आपल्याकडे बहुतेक बायकांच्या रक्तात सापडतंच. नवीन संसर्गाचा संशय येतो तो आयजीएम आलं तर, आणि तेही कधी कधी खोटं पॉझिटिव्ह येतं. मग ॲव्हिडिटी नावाची तपासणी करतात. त्यात तुमचं आयजीजी ताजं आहे की मुरलेलं हे कळतं. "लोणच्यासारखं," त्या म्हणाल्या, "मुरलेलं असेल तर जुनं." माझ्या रिपोर्टवर दोन्ही आयजीएम निगेटिव्ह होते, साध्या बारीक अक्षरांत. ते कुणी वाचलंच नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही.

मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का?"

मी तिथूनच पेडण्याला आईला फोन लावला. आई म्हणाली, "आल्या होत्या की! आजीने घरात फोडणी बंद केली होती. कडुलिंबाचे टाळे दाराला होते." मी विचारलं, फोडणी माझ्यासाठी बंद होती की दादासाठी? आई थांबली. "तुझ्यासाठीच गं. नाही, थांब. त्या वर्षी दादा चौथीत होता, स्कॉलरशिपची परीक्षा बुडली... तुला पण ताप होता. तुला गोवर असेल का?" मागून बाबांचा आवाज आला, दोघांनाही होत्या. काकू म्हणाली, धाकटीला, म्हणजे मला, काहीच झालं नव्हतं, ती आमच्याकडे झोपायची. आमच्या घरात अंगावर काहीही उठलं तरी ते देवीचं. डॉक्टरकडे न्यायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही, सातेरी देवीला नारळ बोलायचा, नवव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ. श्रद्धेने केलेल्या त्या सेवेत माया किती होती हे मला माहीत आहे. पण रोगाचं नाव आणि तारीख कुणी लिहून ठेवली नाही. 22 वर्षांनी माझ्या पोटातल्या बाळाचं काय होणार ते त्या एका नावावर ठरणार होतं.

डॉक्टर सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "राहू दे, आपण रक्तालाच विचारू."

रक्त काढलं, व्हॅरिसेला म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूच्या आयजीजीसाठी. शनिवारी संध्याकाळी निकाल आला: निगेटिव्ह. म्हणजे फोडणी दादासाठी बंद होती.

आता धोका किती, हे मी त्यांना सरळ विचारलं आणि त्यांनीही सरळ सांगितलं. गरोदर बाईला पहिल्या 20 आठवड्यांत कांजिण्या झाल्या तर शंभरातल्या एक-दोन बाळांना इजा होते. त्वचेवर खोल व्रण, एखादा हात किंवा पाय आखूड राहणं, डोळे, मेंदू. उरलेल्या 98 बाळांना काही होत नाही. आईला मात्र न्यूमोनियाची भीती जास्त, गरोदरपणात तो फार वाईट उलटतो. याउलट बाळंतपणाच्या अगदी तोंडावर, म्हणजे प्रसूतीच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात आईच्या अंगावर पुरळ उठलं, तर बाळाला विषाणू मिळतो, पण आईच्या रक्तात तयार होणारी, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं वारेतून त्याच्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. अशी बाळं जन्मतःच गंभीर आजारी पडू शकतात.

हे ऐकताना माझ्या डोक्यात थोरली जाऊ होती. आमच्याच घरात, आठवा महिना लागलेली.

उपाय होता: तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, व्हॅरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन. संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यायचं. त्यांनी बोटांवर शुक्रवारपासून दिवस मोजले, सोमवारी दहावा. ते औषध महाग आणि कुठल्याही दुकानात मिळण्यासारखं नाही. शनिवारी रात्री नवऱ्याने फोन करून करून बेळगावातला एक वितरक शोधला. रविवारी पहाटे तो चोर्ला घाटातून निघाला, वितरकाने सुट्टीच्या दिवशी गोदाम उघडून दिलं, आणि दुपारी तो बर्फाच्या डब्यात औषध घेऊन परत आला. त्या वितरकाचा चेहराही मी पाहिलेला नाही. पण दर चवथीला गणपतीसमोर हात जोडताना त्याची आठवण येते. सोमवारी सकाळी मला वजनाप्रमाणे डोस मिळाला.

डॉक्टरांनी बजावलं होतं: यामुळे आजार येणारच नाही असं नाही, आला तर हलका येईल. आणि हे घेतल्यावर वाट बघायची मुदत वाढते. एरवी 10 ते 21 दिवसांत कांजिण्या उठतात, आता 28 दिवसांपर्यंत धरायचं. आठव्या दिवसापासून गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्यापासून लांब राहायचं.

म्हणून मी माडीवरच्या खोलीत गेले आणि घरात सर्वांना सांगितलं की वहिनींना माझ्याकडे फिरकू देऊ नका. तासाभराने जिना वाजला. पोट सांभाळत वहिनीच पेजेचं ताट घेऊन आल्या. मी ओरडलेच. त्यांनी ताट ठेवलं आणि भुवईजवळचा आणि हनुवटीवरचा खड्डा बोटाने दाखवला. "हे बघ. लग्नात पार्लरवालीने तासभर घालवला हे झाकायला. मला पंधराव्या वर्षी होऊन गेल्यात, सगळ्या गावाला आठवतंय." तरी डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासून घेतलं. आयजीजी भरपूर होतं. त्यांच्या वारेतून ते त्यांच्या बाळालाही मिळत होतं. महिनाभर माझ्याजवळ बसणारी तीच एक गरोदर बाई होती.

त्या खोलीत वेळ खूप होता. मी वाचत होते, आणि वाचताना 2017 चा फेब्रुवारी आठवत होता. गोवर-रुबेला लसीची देशातली मोहीम ज्या पहिल्या पाच प्रदेशांत झाली त्यात कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी, लक्षद्वीप यांच्याबरोबर आपला गोवाही होता. 9 महिन्यांपासून 15 वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला एक डोस. आमच्या शाळेत नर्सबाई आल्या तेव्हा तीन पालकांनी नकार दिला. व्हॉट्सॲपवर काहीबाही फिरत होतं. एका बापाने विचारलं, "रुबेला म्हणजे नुसतं पुरळ, दोन दिवसांत जातं, त्याला सुई कशाला?" नर्सबाईंनी त्याला त्याच्या मुलीकडे बघायला सांगितलं. म्हणाल्या, "हिला आज काही होणार नाही. वीस वर्षांनी ही गरोदर असताना शेजारच्या पोराकडून हिला तेच पुरळ झालं, तर हिचं बाळ आंधळं, बहिरं, हृदयात दोष घेऊन जन्मेल." त्याने सही केली. मी तेव्हा मान डोलावली होती, यादीत खूण केली होती आणि पुढच्या मुलाला बोलावलं होतं. माडीवरच्या खोलीत मला ते वाक्य खरं समजलं.

रुबेलाचा धोका कांजिण्यांच्या कितीतरी पट आहे. पहिल्या 12 आठवड्यांत, बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असताना, आईला संसर्ग झाला तर दहातल्या नऊ बाळांपर्यंत इजा पोचू शकते. 20 आठवड्यांनंतर तो धोका जवळजवळ उरत नाही. हे जगाला कळलं 1941 मध्ये, ऑस्ट्रेलियात. नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. त्याने 78 बाळांची माहिती जमवली आणि त्यांच्या आयांना विचारलं. त्यातल्या 68 जणींना गरोदरपणात, बहुतेकींना अगदी सुरुवातीला, रुबेला झालेला होता. सुरुवातीला पुष्कळ डॉक्टरांना पटेना, पण त्या आयांना अंगावर पुरळ कधी उठलं ते नीट आठवत होतं. मला त्या बायकांचं फार वाटलं. वर्ष-दीड वर्षापूर्वीची गोष्ट होती म्हणून आठवली. माझ्या आईला 22 वर्षांपूर्वीची कशी आठवेल?

17 मार्चला रात्री पर्रीकर गेल्याची बातमी आली. खाली टीव्ही चालू होता, सगळे गप्प बसले होते, आणि मी माडीच्या पायरीवर बसून ऐकत होते. चार दिवसांनी, होळीच्या दिवशी, पोटावर डाव्या बाजूला एक लाल ठिपका दिसला. दुपारपर्यंत त्याच्या टोकाला थेंब आला.

एकूण 23 फोड उठले. मी रोज मोजत होते. डॉक्टरांनी फोनवर फोटो बघितले, असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाबद्दल दोन्ही बाजू समजावल्या, आणि 24 तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या. "श्वास लागला, खोकला आला, छातीत दुखलं तर रात्री दोनलासुद्धा फोन कर आणि सरळ बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, गोमेकॉत जा," असं तीनदा सांगितलं. सासूबाईंनी देव्हाऱ्यासमोर दिवा लावला आणि फोडणी बंद केली. या वेळी ती माझ्यासाठी होती, यात कुणाला शंका नको. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं की पोटभर आणि सकस खायला हवं, नुसत्या पेजेवर ठेवू नका. सासूबाईंनी त्यावर रात्रभर विचार केला असावा. सकाळी बिनफोडणीच्या मुगागाठी आल्या, भरपूर खोबरं घालून. आठवडाभरात खपल्या धरल्या. श्वास कधी लागला नाही.

पण बाळाचं कळायला थांबणं भाग होतं. संसर्गानंतर किमान पाच आठवडे गेल्याशिवाय सोनोग्राफीत काही दिसत नाही, घाईने केली तर खोटा दिलासा मिळतो. गर्भजल काढून तपासायची सोय आहे, तीही सांगण्यात आली. विषाणू पोचला का हे त्यातून कळतं, पण पोचला म्हणजे इजा झालीच असं नसतं. आम्ही नको म्हटलं. कुणी हो म्हटलं असतं तर तेही बरोबरच असतं.

20 वा आठवडा संपत आला तेव्हा पणजीला सोनोग्राफी झाली. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेचा आदला दिवस होता. डिचोलीच्या रस्त्यावर गळ्यात मोगऱ्याच्या माळा, हातात वेताची काठी घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरलेले भक्त, चालत होते. नवऱ्याने गाडी हळू केली आणि मी काचेतूनच हात जोडले. आत ती डॉक्टर तरुण होती, फारशी बोलत नव्हती. दोन्ही मांड्यांची हाडं मोजली. दोन्ही दंडांची मोजली. हाताची बोटं मोजली, मग पायाची. डोकं, डोळ्यांच्या खोबण्या, यकृत, पुन्हा डोकं. चाळीस मिनिटं. मी पडद्याकडे बघत नव्हते, तिच्या भुवयांकडे बघत होते. शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आज मला काहीही वावगं दिसत नाहीये." 'आज' हा शब्द तिने जपून घातला होता, आणि त्यासाठी मला तिचा आदर वाटला. पुढे दर महिन्याला सोनोग्राफी झाली.

मुलगी 17 सप्टेंबरला झाली, चवथ होऊन पंधरा दिवसांनी. डोळे तपासले, कान तपासले, सगळं ठीक. मी अंगावर पाजत असतानाच कांजिण्यांचे टोचे घ्यायची काही गरज उरली नव्हती, मला आता त्या होऊन गेल्या होत्या. मुलीला मात्र दोन्ही डोस दिले. सरकारी लसीकरणात ही लस अजून नाही, ती विकत घ्यावी लागते. तिच्या निळ्या वहीत मी पहिल्या पानापासून लिहीत आलेय: कुठला ताप, कधी, कुठल्या अंगावर काय उठलं, डॉक्टरांनी काय नाव सांगितलं. माझ्या अक्षरात, पेनाने. 27 वर्षांनी तिने मला विचारलं तर मला आठवायला नको.

तर बाय माझे, हे तुझ्यासाठी. काकीला विचारू नकोस, ती तुला प्रेमाने काहीतरी सांगेल. दोनच तपासण्या कर: रुबेला आयजीजी आणि व्हॅरिसेला आयजीजी. पूर्ण टॉर्चची गरज नाही, कुणी लिहून दिली तर कशासाठी ते विचार. ज्याचं निगेटिव्ह येईल त्याची लस आत्ताच घे. दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी आहेत, गरोदरपणात देता येत नाहीत, आणि शेवटच्या डोसनंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. कांजिण्यांचे दोन डोस चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने असतात, म्हणून डिसेंबरची घाई आत्ताच कर.

हे लिहून होईपर्यंत तिचा मेसेज आलाच. काकीला विचारलंनच. काकी म्हणते, आल्या होत्या, घरात फोडणी बंद होती. गुरुवारी सकाळी दोघी मिळून रक्त द्यायला जातोय.